मापाचं ब्लाऊज आधी टाकायचं नसतं

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत मला झोप लागली नाही. बाबांची जीप देवरुखहून आणलीस, मिस्त्रीनं पायाखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो पापडातून जावा तसा आरपार गेला. “बॉडीच बदलायला लागेल ताई,” असं तो म्हणाला आणि तू रडायला लागलीस. बॉडी गेली तर बाबांचं उरलं काय, हाच ना तुझा प्रश्न? आधी घोटभर पाणी पी आणि ऐक. बारा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या जीपसमोर मीही अशीच उभी होते. आज तीच जीप घेऊन मी वाईच्या बाजाराला जाते. तुझीही धावणार आहे.

खरं सांगू का, जीप म्हणजे मुळात तिची चासी. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, चारही चाकांना जोर पोचवणारा ट्रान्सफर केस, सगळं त्या शिडीसारख्या सांगाड्यावर बसलेलं असतं. बॉडी वरून बोल्टनं आवळलेली असते, मध्ये रबराच्या गाद्या. म्हणून तर ती अख्खी उचलून बाजूला ठेवता येते. आजच्या बहुतेक मोटारींचं असं होत नाही, त्यांची बॉडी हाच सांगाडा असतो.

तुझी ती हाय बॉनेटवाली, म्हणजे सीजे-थ्रीबी. विलीजनं ही जीप १९५३ मध्ये अमेरिकेत आणली आणि आपल्याकडे महिंद्रानं ती पुढे कित्येक वर्षं बनवली. तिच्या हरिकेन इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. या जीपा आपल्याकडे खूप चालल्या, त्यामुळे नवी बॉडी आजही बनवून मिळते. हरियाणातलं मंडी डबवाली तर जीपा बांधण्यासाठीच ओळखलं जातं. तेव्हा ‘बॉडी मिळेल का’ ही काळजी सोड. ‘बदलायची का’ हे आधी ठरव.

त्यासाठी स्वतः गाडीखाली जा. हो, तूच. जुनी साडी खाली अंथर, टॉर्च घे आणि फ्लोअरच्या खालच्या आडव्या पट्ट्या बघ, जिथून बॉडीचे बोल्ट चासीत उतरतात. वरचा पत्रा सडला असेल आणि पट्ट्या धड असतील, तर तेवढा पत्रा कापून नवा लावता येतो. चांगला डेंटर ते करतो. पण पट्ट्याच भुसभुशीत झाल्या असतील, बोल्टाभोवतीचं लोखंड खपल्या धरून पडत असेल, तर ठिगळं लावण्यात पैसा घालू नकोस. बॉडी बदल. चासीवरही छोट्या हातोडीनं टकटक करत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. कोकणात चार पावसाळे पडवीत काढलेल्या गाडीच्या चासीत माती आणि ओल साचून राहते, म्हणून आतल्या बाजूला नीट बघ.

आता कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं. एक बोल्ट सुटण्याआधी आरसी बुक घेऊन बस. चासी नंबर आणि इंजिन नंबर घासून स्वच्छ कर, कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घे आणि बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. त्या नंबरावर ग्राइंडर फिरता कामा नये, हे मिस्त्रीला बजावून सांग. तो नंबर गेला तर गाडी असून नसल्यासारखी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीतली नोंद कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच अधोरेखित केलं. म्हणून बॉडी घेशील ती त्याच मॉडेलची, त्याच घाटाची घे, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचार. रंग बदलणार असशील तर त्याचीही नोंद लागते. आणि तो मिलिटरीचा हिरवा रंग तुला कितीही आवडत असला तरी नाही म्हणजे नाही. तो नियमानं फक्त सैन्याच्या गाड्यांचा आहे.

अजून एक. गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल तर तुला कुणीतरी सांगेल, व्हिंटेजमध्ये नोंदव. २०२१ च्या नियमांनी ती सोय झाली आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरलं आणि नोंदणी दहा वर्षांची. पण बघ, त्यात अट आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडीत मोठे फेरफार झालेले नकोत. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. म्हणजे बॉडी बदलायची आणि व्हिंटेजही म्हणवायची, हे जमणं कठीण. तुला तर ती शेतावर न्यायची आहे, बाजाराला न्यायची आहे. मग त्या मोहात पडू नकोस.

काम दिवाळीनंतर काढ, मृगाच्या आत संपव. दमट हवेत पत्र्यावर रंग धरत नाही, आतून गंज पुन्हा डोकं काढतो. सोडवताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ. बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेव आणि डब्यावर नाव लिही, जशी आपण डाळींची नावं लिहितो. मी सगळे एका बादलीत टाकले होते आणि मग कुठला कुठे लागतो ते शोधण्यात आठवडा गेला. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट सोडवताना थांब. जुन्या जीपांना तिथे बऱ्याचदा उलटे आटे असतात. बोल्टाच्या तोंडावर ‘एल’ अक्षर दिसतंय का बघ. मी बघितलं नाही, नेहमीच्या दिशेनं पाइप लावून जोर केला आणि दोन बोल्ट तोडून बसले.

पेट्रोलची टाकी सीटखाली असते. वेल्डिंगचं नाव निघण्याआधी ती काढून लांब, उघड्यावर ठेव. टाकी रिकामी आहे म्हणून कुणी तिथे ठिणगी पाडू म्हणेल. अजिबात ऐकू नकोस. आतली वाफच जास्त घातक. यात भीड धरायची नाही, ओरडायचं.

बॉडी उचलायला सहा माणसं बोलाव. गणपती उचलायला येतात ना, तीच मुलं. त्याआधी वायरिंग, स्टिअरिंगचा दांडा, गिअरच्या काठ्या, पेडल, हँडब्रेक, स्पीडोमीटरची केबल, सगळं सुटलंय ना, हे एकदा स्वतः हात फिरवून बघ. एक विसरलेली वायर सहा जणांच्या जोरानं तुटते.

आणि आता माझी मोठी चूक सांगते. जुनी बॉडी उतरली त्याच संध्याकाळी मी ती भंगारवाल्याला दिली. अंगणात तो सडका पत्रा बघवत नव्हता मला. नवी बॉडी आली तेव्हा ब्रॅकेट कुठे, भोकं किती अंतरावर, सीटचा पट्टा कुठे जोडायचा, काही कळेना. दीड महिना काम अडलं आणि मी रोज स्वतःवर चिडत होते. अगं, आपण शिंप्याकडे मापाचं ब्लाऊज देतो. नवं शिवून, घालून, हात वर करून बघेपर्यंत मापाचं टाकतो का? जुनी बॉडी म्हणजे तुझं मापाचं ब्लाऊज. ताडपत्रीखाली झाकून ठेव, पण गाडी चालेपर्यंत अंगणातून हलवू नकोस.

ऑर्डर देताना चाकांमधलं अंतर सांग. थ्रीबीचं पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच, लांब जीपेची बॉडी तिला बसायची नाही. पत्र्याचा गेज विचार. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, १६ त्याहून जाड. आकडा लहान तेवढा पत्रा जाड, हे लक्षात ठेव म्हणजे कुणी फसवणार नाही. आणि रंगाआधी बॉडी एकदा पूर्ण चढवून बघ, कच्ची टीप घालतो तशी. सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, स्टिअरिंग आणि गिअरच्या काठ्या सरळ येतात का, काच बसते का, बॉनेट ग्रिलला नीट मिळतं का बघायचं, मगच आवळायचं. भोक वाढवायचं, पट्टी ठोकायची ती तेव्हाच. रंग झाल्यावर अर्थिंगच्या जागी तेवढा रंग खरवडून काढ, नाहीतर वायरिंग नवं असूनही दिवे लागणार नाहीत आणि तू उगाच घाबरशील.

ब्रेकवर मात्र एक रुपया वाचवू नकोस. या जीपेत चारही चाकांना एकच लाइन असते. एका ठिकाणी तेल गळलं की चारही ब्रेक गेले. सगळे पाइप आणि रबरं नवी घाल. पहिल्यांदा चालवशील ती सपाट मोकळ्या जागी, पहिल्या गिअरमध्ये, आणि आधी थांबायला शीक.

आता तुझा तो प्रश्न, बॉडी गेली तर बाबांचं उरलं काय. नवी येते ती मागची पेटी, म्हणजे फ्लोअर, बाजू आणि डॅशबोर्डचा भाग. बॉनेट, ग्रिल, मडगार्ड, काचेची फ्रेम वेगळी असतात, बोल्टनं लागतात, आणि तुझी तर धड आहेत असं तूच म्हणालीस. ती तीच लाव. स्टिअरिंग तर बदलायचंच नाही. बाबा दोन्ही अंगठे ठेवायचे तिथे ते गुळगुळीत झालंय, तूच मला दाखवलं होतंस. मिस्त्री नवं कव्हर चढवू म्हणेल. नको म्हण. पहिल्या दिवशी घाट उतरताना तुझे अंगठे तिथेच पडू देत.

चल, आज डबे धुऊन वाळत घाल. नावं लिहायला मी रविवारी येते.