लॅपटॉपची हार्ड डिस्क खरोखरच बिघडली आहे का?

लॅपटॉप सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागू लागली, की 'हार्ड डिस्क गेली, नवी घाला' असा सल्ला कोणीतरी देतोच. तो बरोबर असेलही. पण तपासल्याशिवाय मानू नये. त्यासाठी आधी डिस्कची रचना समजावून घेऊ.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. लॅपटॉपमधील तबकडीचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटर असून ती बहुधा मिनिटाला ५४००, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग होतो ताशी सुमारे ६६ किलोमीटर! तिच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगत एक चिमुकले शीर्ष माहिती लिहिते व वाचते. दोहोंमध्ये अंतर असते केवळ काही नॅनोमीटर. आपला केस त्याच्या हजारो पट जाड असतो. म्हणूनच धुळीचा कणही येथे घातक ठरतो आणि डिस्कची पेटी घरी कधीही उघडायची नसते.

माहिती लहान लहान खंडांत साठवलेली असते. एखादा खंड वाचता आला नाही, तर डिस्क पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक प्रयत्नाला तबकडीची एक फेरी, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. असे शेकडो प्रयत्न झाले, की लॅपटॉप गोठल्यासारखा वाटतो. मात्र पंखा धुळीने भरून लॅपटॉप तापला, किंवा मेमरी सदोष असली, तरीही तो अडखळतो. मग दोष नेमका कोठे आहे, हे कसे ओळखावे?

१. कान देऊन ऐका. डिस्कमधून 'टक्‌-टक्‌' असा ठरावीक आवाज येत असेल, तर लॅपटॉप लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू केल्यास उरलेली माहितीही जाईल. हे काम जाणकारावर सोपवा.

२. आवाज नसेल, तर लिनक्स घातलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. तेथेही तो गोठत असेल, तर मेमरी किंवा उष्णता यांचा संशय घ्या. तेथे सुरळीत चालला, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील प्रणालीत असावा.

३. आता प्रथम महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यानंतर. ते सगळी डिस्क धुंडाळतात आणि आजारी डिस्कला तो ताण सोसेलच असे नाही.

४. शेवटी डिस्कची 'स्मार्ट' ही नोंद वाचा. खराब खंडांच्या जागी डिस्क राखीव खंड वापरते व त्यांची संख्या नोंदवून ठेवते. ही संख्या वाढत असेल, तर डिस्क बदलावी. नोंद स्वच्छ असेल आणि जोडणीही घट्ट असेल, तर आधी प्रणाली नव्याने घालून पाहावी.

तुमच्या लॅपटॉपात एसएसडी असेल, तर तिच्यात फिरणारा भागच नसल्याने आवाज येणार नाही. पुष्कळदा ती पूर्वसूचनेशिवाय बंद पडते.

नवी डिस्क दुकानात मिळते. तुमचा वर्षभराचा प्रकल्प किंवा आजीचे फोटो तेथे मिळत नाहीत. म्हणून लॅपटॉप धडधाकट असतानाच त्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.

सांगा पाहू : मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस किती मिलिसेकंद लागतील?