रुची आणि विवेक

वस्तू एकच, पण आवडी अनेक! विजेच्या मोटारींचेच पाहा. २०१३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय-थ्रीच्या अंतर्भागात, जिचे दोर वळतात त्या अंबाडीचे तंतू योजिले होते. तो निसर्गस्पर्श अनेकांस आवडला. २०१७ च्या टेस्ला मॉडेल थ्रीमध्ये मात्र मधोमध १५ इंची पडदा. बटणे जवळजवळ नाहीतच. कोणास हा साधेपणा भावला, कोणास तो ओकाबोका वाटला. असा रुचिभेद स्वाभाविकच होय. परंतु पडद्यावर बोट फिरविताना चालकाची दृष्टी रस्त्यावरून ढळते. म्हणून मोटारींची सुरक्षितता पारखणाऱ्या युरोपातील ‘युरो एनकॅप’ या संस्थेने, दिशादर्शक दिवे, वायपर इत्यादींसाठी स्वतंत्र बटणे असल्यास २०२६ पासून अधिक गुण देण्याचे ठरविले. शोभा ज्याच्या त्याच्या आवडीची. सुरक्षितता मात्र सर्वांची.

स्वाध्याय : आवडीला मर्यादा केव्हा पडते? सोदाहरण सांगा.