जवळचा प्रवास

समुद्र मी अद्याप पाहिलेला नाही. आमच्या लाखांदूरकडे पाणी म्हणजे वैनगंगा आणि चुलबंद, आणि बोट म्हणजे ढिवरांचा डोंगा. तरीही मुंबई बंदरातील प्रवासी बोटींविषयी वाचताना त्या मला परक्या वाटल्या नाहीत.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवस येथे लाँच जातात. गप्पा रंगेपर्यंत पैलतीर येतो. असा प्रवास प्रवासच वाटत नाही, आणि माझ्या मते धोका नेमका येथेच आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. 'रामदास' बोट सकाळी मुंबईहून रेवसला निघाली. अमावास्येचा सण, त्यामुळे गर्दी अलोट. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेचे पाणी आत आले आणि घाबरलेली माणसे एका बाजूला धावली. बोटीवरचे वजन तेवढेच राहते, पण ते मध्यावरून सरकले की बोट कलते. ती कलली की उरलेली माणसेही त्याच बाजूला घसरतात. मग तिला सावरायला वेळच उरत नाही. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण गेले. धडकेचा दोष प्रवासी बोटीचा नव्हता, हे मान्य. परंतु परवाना ८४ प्रवाशांचा असताना आत शंभरावर माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तासाभराच्या वाटेला कशाला घालायचे?

त्याच वर्षी २३ जानेवारीला आमच्याच वैनगंगेत, खाली चामोर्शी तालुक्यात, डोंगा उलटला. मिरची तोडायला पैलतीरी निघालेल्या सहा बायका बुडाल्या. मुंबईच्या बोटीला निदान परवान्यावर आकडा असतो. एस. टी.त कंडक्टर माणसे मोजतो. डोंग्यात कोण मोजणार? काठ पाण्यापासून किती बोटे वर राहिला आहे, हे नावाड्याला आपल्यापेक्षा चांगले समजते. पण तीरावर उभी असलेली बाई त्याच्याच गावची असते, आणि उशीर झाला तर तिचा दिवसाचा रोज बुडणार असतो. 'ये माय, बस,' असेच तो म्हणतो.