दसऱ्याला कोल्हापूरला येताय?

नवरात्र जवळ आलं की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. पुण्याची आत्या, ठाण्याची चुलतबहीण, सांगलीचे सोयरे, सगळ्यांचा बेत ठरलेला: दसऱ्यादिवशी सकाळी पोचायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत फिरायचं. मंगळवार पेठेत आयुष्य गेलेली बाई म्हणून मी त्यांना एकच सांगते. हा बेत करू नका. देवीला एक दिवस द्या, दसऱ्याला दुसरा.

हे कळकळीनं सांगण्यामागं कारण आहे. मागे एका दसऱ्याला माझी चुलतबहीण नवऱ्याबरोबर, सासूबाईंना आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सासूबाईंना साखरेचा त्रास. सकाळी पूर्व दरवाजाच्या रांगेत उभ्या राहिल्या त्या दुपार उलटल्यावर गाभाऱ्यासमोर पोचल्या. पोटात एक केळं आणि घोटभर चहा. तोवर जेवणाची वेळ गेलीच, म्हणून तशाच दसरा चौकात गेल्या. पाचच्या सुमाराला तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांना कसंबसं एका कट्ट्यावर बसवलं, साखर तोंडात घातली, पाणी पाजलं.

आणि नेमकं तेवढ्यात सोनं लुटायची वेळ झाली.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना त्या मिनिटभराची कल्पना येत नाही. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या चौकात आलेल्या असतात. छत्रपती घराण्यातली मंडळी राजाराम महाराजांच्या काळातल्या मेबॅक मोटारीतून येतात. मध्ये लक्कडकोट उभारलेला असतो, आपट्याच्या पानांनी भरलेला. शमीपूजन होतं, आरती होते, तोवर सगळा चौक शिस्तीत उभा असतो. मग बंदुकीच्या फैरी झडतात आणि चारी बाजूंनी माणसं लक्कडकोटाकडं झेपावतात. डहाळ्या ओढल्या जातात, पानं उडतात, चपला मागं राहतात. त्या रेट्यात बहिणीच्या हातातून पोराचा हात सुटला.

तिनं नवऱ्याला फोन लावला, लागेना. एवढ्या गर्दीत फोन लागतच नाही. त्यांचं आपसात ठरलं होतं, चुकामूक झाली तर शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी भेटायचं. पण पुतळ्यापाशी भेटायचं चौकातल्या प्रत्येक घरानं ठरवलेलं असतं! शेवटी भगवा फेटा बांधलेल्या एका तरण्या पोरानं आमच्या लेकराला खांद्यावर उचलून धरलं आणि "पोरगं कुणाचं हाय ओ?" म्हणून ओरडत सुटला. उंचावर दिसलं म्हणून सापडलं. त्या मुलाचं नाव विचारायचंही राहिलं. देव त्याचं भलं करो.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. भेटायची जागा चौकाच्या बाहेर ठरवा. स्टेशनच्या बाजूनं आला असाल तर व्हीनस कॉर्नर, मंदिराच्या बाजूनं आला असाल तर बिंदू चौक. लहान मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि फैरी झडायच्या आधी त्याला खांद्यावर घ्या. म्हाताऱ्या माणसांना मधोमध नेऊ नका. या चौकाच्या अवतीभवती राजर्षी शाहूंच्या प्रेरणेनं उभी राहिलेली वसतिगृहं आहेत, १९०१ चं जैन बोर्डिंग, १९०६ चं मुस्लिम बोर्डिंग. त्या कडेला उभं राहिलं की मागं सरकायला वाट राहते. तिथून लक्कडकोट नीट दिसत नाही हे खरं. पण पालख्यांची वाट आणि छत्रपतींची मोटार दिसते, आणि माझ्या मते दसऱ्याचा खरा डौल त्यातच आहे. सोन्याची पानं काय, रात्री घरोघर मिळतातच.

जागा धरायची तर चारच्या आत या. ऑक्टोबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि सोहळा त्याच वेळेला धरून असतो. गाडी गावाबाहेरच्या बाजूला लावा आणि चालत या. कोणते रस्ते बंद ते पोलीस आधी जाहीर करतात, ते वाचूनच निघा.

दुसरी अडचण तारखेची. सण तिथीनं येतो, आणि बोटं मोजणाऱ्यांची इथं फसगत होते. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. आठवा दिवस म्हणजे अष्टमी असा हिशेब करून २९ तारखेला आलेल्यांना देवीची अष्टमीच्या रात्रीची नगरप्रदक्षिणा दिसली नाही, कारण त्या वर्षी तिथीची वृद्धी होती. अष्टमी ३० ला आली आणि दसरा २ ऑक्टोबरला. हे काही आपल्याकडंच होतं असं नाही. आमच्या शेजारची लेक हॉलंडमध्ये अॅमस्टेलवेनला असते. तिकडं राजाच्या वाढदिवसाला अख्खं अॅमस्टरडॅम नारिंगी कपडे घालून रस्त्यावर येतं. २०१४ पासून ही सुट्टी ३० एप्रिलवरून २७ एप्रिलला आली, आणि त्या दिवशी रविवार असेल तर एक दिवस आधी पाळतात. जुन्या माहितीवर विसंबून गेलेली माणसं सण उरकल्यावर पोचायची. शहराच्या मध्यभागात ट्रामही त्या दिवशी बंद असतात. ती म्हणते, आम्ही मुक्काम बाहेरच ठेवतो आणि दिवसभर पायी फिरतो. कोल्हापूरलाही हेच लागू आहे. तेव्हा पंचांग बघा, मगच तिकीट काढा.

आता दर्शनाचं. ज्यांना ताटकळत उभं राहणं झेपत नाही त्यांनी महाद्वारातून मुखदर्शन घ्यावं. त्यात काही कमीपणा नाही. ललिता पंचमीला मात्र मंदिरापेक्षा त्र्यंबोलीची टेकडी बघा. कोल्हासुराच्या वधानंतरच्या आनंदसोहळ्यात आपल्याला विसरले म्हणून त्र्यंबोली रुसून टेकडीवर जाऊन बसली, तिची समजूत काढायला अंबाबाई पालखीतून जाते अशी कथा आहे. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. ती गर्दी दसरा चौकापेक्षाही अवघड, कारण जागा अरुंद. तुकडा मिळवायला पोरंसोरं धावतात, तुम्ही धावू नका.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर माझं मत अष्टमीच्या रात्रीला. देवी स्वतः नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते, भवानी मंडपात येते, वाटेवर रांगोळ्यांचे गालिचे घातलेले असतात. भाऊसिंगजी रोडवर ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसून घ्यायचं, देवी समोरून जाते. सकाळच्या रांगेत जे मिळत नाही ते तिथं निवांत मिळतं.

आणि दसऱ्यादिवशी चौकातला सोहळा संपला की लगेच गाडीकडं पळू नका, तेव्हा सगळेच पळतात. अंबाबाईची पालखी परत जाताना सिद्धार्थनगरात आणि पुढं पंचगंगा घाटाकडं जाते. सिद्धार्थनगरातली मंडळी दारापुढं रांगोळ्या काढून, फुलं घेऊन वाट बघत असतात. ते बघा, मग आमच्याकडं जेवायला या. त्या रात्री मुक्कामच करा. अंथरूण घातलेलं असतं.