जीवकाची परीक्षा आणि औषधी रसायनशास्त्र

विनयपिटकातील जीवकाची कथा आपणांस ठाऊक आहेच. तक्षशिलेत ७ वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला आणि उत्तीर्ण झाला! पण वनस्पतीत औषध आहे एवढे कळून आज भागत नाही. त्यातील नेमके कोणते द्रव्य गुणकारी, ते वेगळे कसे काढावे, रचना थोडी बदलल्यास गुण वाढतो की विषारीपणा, हा विद्यापीठातील नैसर्गिक द्रव्ये व औषधी रसायनशास्त्राचा अभ्यास होय.

चीनच्या तू यूयू हिवतापावर आपल्या दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीचा अर्क काढीत होत्या. गुण कधी येई, कधी नाही. जुन्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा, असे होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनेच गुण जात असावा हे ओळखून त्यांनी १९७१ साली कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले आणि अर्क लागू पडला. त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती.

मी कलाशाखेचा, त्यामुळे हे सारे उशिरा समजले. बारावीला जीवशास्त्र नाही म्हणून आपली मुले हताश होतात. परंतु भौतिक व रसायनशास्त्रासोबत गणित असले तरी बी.फार्म.ला प्रवेश मिळतो, बी.एस्सी.नंतर सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करूनही या विषयाकडे वळता येते.