रोह्यांची मोजणी : आधी कळप मोजा, मग डोकी



हरभरा घाटे धरू लागला की रोही शिवारात उतरतात. किती आहेत विचारलं तर कोणी पन्नास म्हणतं, कोणी दोनशे. वन विभागाला अर्ज द्यायचा, जागलीच्या पाळ्या लावायच्या की मिळून कुंपण करायचं, हे अशा आकड्यावर ठरत नाही. आणि फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढचा खराही कोणी मानत नाही.

रोही कळपाने फिरतात, म्हणून मोजणी फसते. चारशे मीटरवरचा सोळाचा कळप लगेच नजरेत भरतो. तेवढ्याच अंतरावर तुरीआड उभा असलेला एकटा नर दिसतच नाही. मोठे कळप वहीत येतात, लहान सुटतात, आणि कळपाची सरासरी उगाच वाढते.

*मोजायचं असं :* शिवारातून २ किलोमीटरची सरळ वाट ठरवा. फक्त पांदणीने किंवा नाल्याकाठाने जाऊ नका, तिथे जनावरं कमी-जास्त असतात. पहाटे उजाडताच दोघांनी चालायचं, एकाने मोजायचं, दुसऱ्याने मोबाईलवर नोंदवायचं. दोन्ही बाजूंना १०० मीटरपर्यंतच पाहायचं. हा पट्टा झाला ४० हेक्टर, म्हणजे साधारण १०० एकर. तूर उभी असेल तर १०० ऐवजी ५० मीटरच धरा, क्षेत्रही निम्मं धरा.

कळप अर्धा आत, अर्धा बाहेर असला तर? कळपाचा मध्य बघा. मध्य पट्ट्यात असेल तर सगळी डोकी मोजा, बाहेर असेल तर एकही नाही. एकटा नर दिसला तर तो एकाचा कळप धरा.

समजा पट्ट्यात ३ कळप दिसले : ४, ५ आणि ३. सरासरी ४, म्हणजे १०० एकरात १२ रोही. आता दूरचा सोळाचा कळप सरासरीत घेतला तर ती होते ७, आणि त्याच ३ कळपांचे होतात २१. पाचशे एकराच्या शिवारात हाच फरक ६० आणि १०५ असा पडतो.

एका सकाळवर मात्र विसंबू नका. डोकी बारा असली तरी तुम्ही पाहिले तीनच कळप. एक कळप पट्ट्याबाहेर बसला की आकडा लगेच पडतो. तीच वाट निदान पाच-सहा सकाळी चाला, सरासरी काढा आणि अर्जात सर्वांत कमी, सर्वांत जास्त दिवसाचे आकडेही लिहा. शेजारच्या गावाने त्याच वेळी मोजलं तर उत्तम, नाहीतर धुऱ्यापलीकडे गेलेला कळप दोन्हीकडे मोजला जातो.

लेंड्यांच्या ढिगांवरून अंदाज बांधू नका. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात.

व्याघ्रगणनेत चितळ, सांबर, रोही यांची मोजणीही सरळ रेषेवर चालूनच होते. तिथे प्रत्येक कळपाचं रेषेपासूनचं अंतर मोजून न दिसलेल्यांचाही हिशेब काढतात. आपली पट्ट्याची रीत त्याहून सोपी, पण गावापुरती कामाची.

पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनाम्याचा अर्ज लगेच द्या, मोजणीसाठी थांबू नका. तारीख, वेळ, कळप आणि प्रत्येक कळपातली डोकी एवढी नोंद आपल्या गटप्रमुखांना पाठवा.