बायोप्सीच्या रिपोर्टची शेवटची ओळ पुरेशी नसते

धाकट्या भावाच्या किडनी बायोप्सीचा रिपोर्ट दीड पानाचा होता, पण सगळ्यांचं लक्ष गेलं ते तळाच्या एका ओळीवर : एफएसजीएस. तेवढ्या ओळीवर त्याला जबर डोसाचं स्टेरॉइड सुरू झालं. बघता बघता रक्तातली साखर चढली, चेहरा गोल झाला, रात्रीची झोप गेली. लघवीतलं प्रोटीन मात्र होतं तिथेच राहिलं. ‘‘दादा, गोळ्यांनं काहीच फरक नाही पडून राहिला ना,’’ असं तो रोज म्हणायचा आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

उत्तर त्याच दीड पानात होतं, आणि काही अंशी त्यात लिहायचं राहून गेलेल्या गोष्टींत.

एका किडनीत रक्त गाळणारे साधारण 10 लाख बारीक पुंजके असतात. त्यातल्या एकाला ग्लोमेरुलस म्हणतात. काही मोजक्या पुंजक्यांत, तेही पुंजक्याच्या एखाद्याच भागात, व्रण होऊन तो भाग निबर झालेला दिसला की रिपोर्टात एफएसजीएस येतं. व्रण दिसला एवढंच त्यातून कळतं. तो कशामुळे झाला, हे शोधायचं बाकी असतं. कारण कधी रक्तातल्या एखाद्या घटकाचा गाळणीवर होणारा मारा असतो, कधी जनुकातला दोष, कधी एचआयव्हीसारखा संसर्ग, तर कधी लठ्ठपणा किंवा जन्मतः एकच किडनी असल्याने उरलेल्या पुंजक्यांवर पडलेला ताण. स्टेरॉइडचा उपयोग प्रामुख्याने पहिल्या गटात होतो.

पॅथॉलॉजिस्ट मंडळी 2004 साली ठरलेलं कोलंबिया वर्गीकरण वापरतात. त्यात पाच प्रकार आहेत आणि ते ठरावीक क्रमाने तपासायचे असतात. पुंजका कोसळून आक्रसलेला दिसला तर तो कोलॅप्सिंग प्रकार. तो सगळ्यात वाईट. किडनी झपाट्याने निकामी करतो, म्हणून एका पुंजक्यात दिसला तरी पुरे. तो नसेल तर लघवीची नळी जिथून सुरू होते त्या टोकाला इजा आहे का बघतात. हा टिप प्रकार स्टेरॉइडला सहसा चांगला प्रतिसाद देतो. मग पेशींची गर्दी असलेला सेल्युलर. त्यानंतर पेरिहायलर : धमनी पुंजक्यात शिरते त्या तोंडाशी व्रण, आणि तोही बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पुंजक्यांत. यातलं काहीच बसलं नाही तर एनओएस, म्हणजे विशेष खूण नसलेला. सर्वाधिक रुग्ण याच गटात असतात.

भावाच्या रिपोर्टात प्रकार लिहिलेलाच नव्हता. सुईत 7 ग्लोमेरुलाय आले होते, एकात व्रण होता. आमच्या एका नातलग डॉक्टरने सुचवलं म्हणून आम्ही स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक मागून घेतला आणि फक्त किडनीचंच काम बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवला. त्यांनी ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप काढले. आता तिघांत व्रण दिसले, तिन्ही धमनीच्या तोंडाशी, आणि बाकीचे पुंजके नेहमीपेक्षा मोठे फुगलेले. पेरिहायलर. भावाचं वजन तेव्हा 112 किलो होतं, रक्तदाब जुना, आणि लघवीतून इतकं प्रोटीन जाऊनही रक्तातलं अल्ब्युमिन जवळपास ठीक, पायांवर सूज नाही. वजनाच्या ताणातून आलेल्या आजाराचं चित्र जुळलं. नेफ्रॉलॉजिस्टांनी स्टेरॉइड हळूहळू उतरवत बंद केलं. रक्तदाब उतरवताना लघवीतलं प्रोटीनही कमी करणारी गोळी वाढवली, मीठ तोडलं, वजनावर काम सुरू केलं. स्टेरॉइड कुणीही मनाने एकदम सोडू नये. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं तोवर मंदावलेलं असतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

एक खात्री मात्र करता आली नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी तुकडा ठेवलाच गेला नव्हता, सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकलेला. गाळणीच्या पेशींचे पाय सगळीकडे सपाट झालेत की थोड्याच जागी, हे त्या तपासणीत दिसतं. सगळीकडे सपाट असतील तर कल रक्तातल्या घटकामुळे होणाऱ्या मूळ आजाराकडे, तुरळक असतील तर ताणामुळे झालेल्या आजाराकडे. म्हणून सुई टोचण्याआधीच विचारा : इम्युनोफ्लुरोसन्ससाठी तुकडा मिशेल द्रावणात आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ग्लुटराल्डिहाइडमध्ये ठेवणार ना? नंतर फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर तडजोड करावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही तेव्हाच सांगा.

ग्लोमेरुलाय किती आले, हा आकडाही वाचा. समजा दहातला एक पुंजका बिघडलाय आणि सुईत दहाच आले, तर बिघडलेला एकही न सापडण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. वीस आले तर ती आठात एकवर येते. अशा हुकलेल्या नमुन्यावर मिनिमल चेंज, म्हणजे व्रण न दिसणारा वेगळा आजार, लिहून येतं आणि उपचार त्या वाटेने जातात.

हे सगळं प्रत्यारोपणापर्यंत पोचतं. मूळ एफएसजीएस नव्या किडनीतही उलटतो, दहातल्या तिघांच्या आसपास. जनुकीय किंवा ताणातून आलेला क्वचितच उलटतो. उद्या घरातलं कुणी किडनी द्यायला पुढे आलं, तर त्या माणसाला हे आधी कळायला हवं. जनुकीय दोषाची शंका असेल तर दात्याचीही तपासणी लागते.

आम्ही नागपूरच्या सक्करदऱ्यात राहतो, मेडिकल आणि सुपर स्पेशालिटी ही दोन्ही मोठी रुग्णालयं जवळ, तरी हे सगळं आम्हाला उशिराच कळलं. म्हणून आज मी शेजारीपाजारी एवढंच सांगतो की स्लाइड्स, ब्लॉक आणि रिपोर्टची प्रत मागा, ब्लॉक नेताना पावती घ्या, ब्लॉक नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. भाऊ सक्करदऱ्याच्या तळ्याभोवती फिरायला जातो, वजन 97 वर आलंय. प्रोटीन निम्म्याहून कमी झालंय, क्रिएटिनिन स्थिर आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर.